केबलचा राखणदार कोण होता?

रात्री दीड-दोनचा सुमार. रस्त्याच्या कडेला पिवळे बॅरिकेड लागलेले, आत चार-पाच माणसं, डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांची जॅकेटं, शेजारी टेम्पो. मुंबईकर या दृश्याला इतका सरावलेला आहे की तो मान वळवूनही बघत नाही. महापालिकेचं काम असेल, मेट्रोचं असेल, गॅसचं असेल. रस्ता खणायला या शहरात कारणांची कधी वानवा पडलेली नाही. नेमकं हेच सोंग घेऊन जमिनीखालच्या टेलिफोन केबल उपसणाऱ्या टोळ्या मुंबई पोलिसांनी अलीकडच्या वर्षांत पकडल्या आहेत. चेंबरचं झाकण उघडायचं, केबल दोन ठिकाणी तोडायची, एक टोक गाडीला बांधून ओढून काढायचं. मग तुकडे करायचे, वरचं प्लास्टिक सोलायचं नाहीतर जाळायचं, की उरलं ते निव्वळ तांबं.

या चोऱ्यांवरून मुलुंड पूर्वेच्या एका घरात मामा-भाचीची चांगलीच जुंपली. मामा आयुष्यभर टेलिफोनच्या केबल जोडत आलेला जॉइंटर. ३१ जानेवारी २०२० ला एमटीएनएलचे चौदा हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी घरी गेले, त्यांतला एक. भाची बोरिवलीची, एका फायबर कंपनीत नेटवर्क आखणीचं काम करणारी. दोघांची नावं सांगून काही साधणार नाही. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, कुठल्याही जुन्या सोसायटीत या दोन्ही बाजूंची माणसं भेटतात. विषय निघायला निमित्त झालं ते इमारतीच्या पुनर्विकासाचं. नव्या टॉवरमध्ये लँडलाइनची तांब्याची केबल घ्यायची की नाही, असा सवाल सोसायटीच्या सभेत आला होता.

"घ्यायची की नाही, हा प्रश्नच कुठे उरलाय?" भाची म्हणाली. "मामा, रस्त्यातली केबलच चोरीला गेलीय. टॉवरमध्ये घेऊन ती जोडणार कशाला?"

"गेली ती का गेली, हे आधी विचार."

"तांबं महाग झालं म्हणून."

मामाने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. एका ग्राहकाला दोन तारांची एक जोडी लागते. तार अर्धा मिलिमीटर जाडीची धरली, तर एका तारेत मीटरमागे पावणेदोन ग्रॅम तांबं असतं. जोडीत साडेतीन. मोठ्या रस्त्याखालून जाणारी केबल आठशे जोड्यांची धरली तर एका मीटरमध्ये जवळपास पावणेतीन किलो. दोन चेंबरमधलं शंभर मीटरचं अंतर उपसलं की पावणेतीनशे किलो. किलोला आठशे रुपये धरले तर एका रात्रीत दोन लाखांच्या वर माल. भंगारवाला चोराला त्यातले निम्मे देत असेल, तरी पाच जणांत वाटून घ्यायला रक्कम वाईट नाही.

"लंडनच्या बाजारात २००२ च्या सुमारास तांबं टनाला दीड हजार डॉलरच्या आसपास होतं," भाचीने भर घातली. "मे २०२४ मध्ये दहा हजारांच्या वर गेलं. विजेच्या गाड्या, सोलर, डेटा सेंटर, सगळ्यांना तांबं हवंय. गुलालवाडीतला व्यापारी जो भाव ऐकतो, तोच कुर्ल्याचा भंगारवाला ऐकतो आणि तोच चोरापर्यंत पोचतो. तुमच्या केबलवर लंडनचा भाव लिहिलेला आहे. काचेच्या तारेला असा भाव नाही. फायबर चोरून विकणार कुणाला?"

"चोराला अंधारात कळतं का, कुठली काळी केबल काचेची आणि कुठली तांब्याची?"

इथे भाचीला जरा माघार घ्यावी लागली. तिच्याच धंद्यातली बातमी तिला ठाऊक होती. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागात तांब्याच्या शोधातल्या चोरांनी फायबर केबल तोडल्या आणि ५० हजारांहून अधिक ग्राहकांचं इंटरनेट गेलं. चोरांच्या हाती तांब्याचा कणही लागला नाही. दिल्लीत ५ डिसेंबर २०२४ ला मोतीनगर ते कीर्तीनगर दरम्यान मेट्रोची केबल चोरीला गेली आणि ब्लू लाइनचे प्रवासी दिवसभर रखडले. चोराच्या हाती पडतात ते पैसे आणि शहराला बसतो तो फटका, यांचा काही मेळ नसतो.

पण मामाच्या मनात भावापेक्षा वेगळंच कारण होतं, आणि या सगळ्या वादात खरा मुद्दा तोच आहे.

"चोरी आमच्या वेळीही होत होती गं. मात्र केबल कापली की आठशे फोन एकदम डेड. अर्ध्या तासात १९८ वर तक्रारी सुरू. डॉक्टरांचा फोन, बँकेचा फोन, कुणाचं तरी लग्न ठरत असायचं त्यांचा फोन. टेस्ट डेस्कवरचा माणूस नंबर बघून सांगायचा की हे सगळे एकाच पिलरचे, रस्त्यावरच्या एकाच जोडपेटीवरचे, म्हणजे लाइन बिघडलेली नाही, केबलच गेली. आम्ही गाडी काढून जायचो. कधी कधी चोर तिथेच असायचे. आता त्या आठशे जोड्यांत चालू किती असतील? समजा पन्नास. त्यांतले चाळीस जण आठवडाभर रिसीव्हर उचलत नाहीत. फोन डेड झालाय हे त्यांना महिन्याने कळतं. चोराला एवढी सवड कुणी दिली? भावाने नाही दिली."

केबलचा राखणदार वॉचमन नव्हता, पोलीसही नव्हता. घरोघरी रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकणारा ग्राहक हाच तो राखणदार. त्याने राखण सोडली आणि मैलोन्मैल तांबं जमिनीत बेवारस पडलं. चोरांमुळे लँडलाइन मेली असं म्हणणं सोपं आहे. क्रम मात्र उलटा आहे. लँडलाइन आधी ओस पडली, चोर मागून आले.

भाचीला हे पटलं, पण त्यातून तिने काढलेला निष्कर्ष मामाला झोंबणारा होता. "बेवारस माल जमिनीत ठेवायचाच कशाला? स्वतः काढून विकायचा. ब्रिटनच्या बीटी कंपनीने जुन्या केबलमधलं तांबं विकण्याचा करार करून साडेदहा कोटी पौंड उभे केले. स्पेनच्या टेलिफोनिकाने तांब्यावरची शेवटची एक्स्चेंजं २०२५ मध्ये बंद केली. आणि तुमच्या एमटीएनएलकडे? डोक्यावर तीस हजार कोटींहून अधिक कर्ज, सरकारी बँकांचे आठ हजार कोटींच्या वर थकलेत, आणि पायाखाली तांब्याची खाण. ती चोर विकतायत."

"काढणार कोण?" मामा ताडकन म्हणाला. "आम्हाला घरी बसवलंत ना! कुठल्या चेंबरमधून कुठली केबल कुठे वळते, जुन्या शिशाच्या वेष्टणाची कुठली, जेली भरलेली कुठली, हे कागदावर निम्मंच होतं. बाकीचं आमच्या डोक्यात. ते आमच्याबरोबर गेलं."

यात थोडा अभिमान आहे, पण बराच तथ्यांश आहे. आणखी एक अडचण तो रागाच्या भरात सांगायला विसरला. पन्नास जोड्या चालू असल्या तरी केबल उपसता येत नाही. आधी ते पन्नास ग्राहक फायबरवर न्यावे लागतात. त्यांतला एक जरी अडून बसला तरी साडेसातशे मेलेल्या जोड्या त्याच्यासाठी जमिनीत राहतात. म्हणूनच जिथे हे काम नीट झालं तिथे ते एकेक एक्स्चेंज धरून झालं: तारीख जाहीर करायची, सगळ्यांना हलवायचं, मग कुलूप लावून केबल बाहेर काढायची. मुंबईत अशी तारीख कुणी जाहीर केलेली नाही. एमटीएनएल आणि बीएसएनएल यांच्या विलीनीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २३ ऑक्टोबर २०१९ ला तत्त्वतः मान्यता दिली, १ जानेवारी २०२५ पासून एमटीएनएलचं कामकाज बीएसएनएल बघू लागलं, आणि जमिनीतल्या तांब्याचा धनी नेमका कोण, हे सामान्य ग्राहकाला अजूनही सांगता येत नाही. जिथे धन्याचाच पत्ता नाही, तिथे चोरीची फिर्याद तरी तातडीने कोण देणार?

कायद्याकडे वळल्यावर एक गंमत हाती लागते. स्वतंत्र भारताने १९५० मध्ये चोरीच्या टेलिग्राफ तारा बाळगण्याविरुद्ध खास कायदा केला होता. ठरावीक जाडीची तांब्याची तार कुणाकडे सापडली, तर ती आपल्याकडे सरळ मार्गाने आली हे त्यानेच सिद्ध करायचं. जाडी मोजायची रीतही त्या काळाला साजेशी, एका मैलाच्या तारेचं वजन किती पौंड यावरून. खांबावरच्या जाड उघड्या तारांसाठी केलेला हा कायदा डिसेंबर २०२३ मध्ये कालबाह्य कायद्यांच्या गठ्ठ्यात घालून रद्द झाला. तारा चोरीला जायच्या मात्र थांबल्या नव्हत्या. खांबावरून उतरून त्या जमिनीत गेल्या होत्या एवढंच. आता लागू होतात ती चोरीची आणि चोरीचा माल घेतल्याची नेहमीची कलमं. प्लास्टिक जाळलेल्या तांब्यावर ना कंपनीचा शिक्का ना रंग, त्यामुळे भंगाराच्या गोदामात ते तांबं कुणाचं हे ठरवता ठरवता तपास थकतो. मामाच्या मते तो जुना कायदा रद्द न करता बारीक तारांनाही लावायला हवा होता. ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चोर पाच पकडले तर दहा तयार होतात. घेणारा एक अडला तर पन्नास चोरांचा धंदा बसतो.

वादाचा दुसरा भाग विजेवर आला आणि तिथे मामाचं पारडं जड झालं.

तांब्याच्या लँडलाइनला घरची वीज लागत नाही. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या ४८ व्होल्टचा प्रवाह त्याच तारांतून घरापर्यंत पाठवतात. घरात अंधार असला तरी फोन वाजतो. फायबरचं तसं नाही. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरातला फायबरचा डबा विजेवर चालतो आणि वीज गेली की त्याच्या मागे जोडलेला फोनही गप्प होतो.

"१२ ऑक्टोबर २०२० आठवतं?" मामा म्हणाला. "सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्या मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. घरून काम करणारे सगळे फायबरवाले दोन मिनिटांत बाहेर. आपल्या बाजूला काही ठिकाणी संध्याकाळ झाली वीज यायला. तोपर्यंत मोबाइलचे टॉवर दमले. ११ जुलै २००६ ला गाड्यांत स्फोट झाले तेव्हाही मोबाइल लागत नव्हते. लोक पीसीओसमोर रांगा लावून घरी कळवत होते."

"आणि २६ जुलै २००५?" भाचीने विचारलं. "सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. तेव्हा मोबाइल तर गेलेच, पण लँडलाइनसुद्धा लाखोंनी बंद पडल्या. चेंबरमध्ये पाणी, कॅबिनेटमध्ये पाणी. तांब्याला पाणी लागलं की लाइन खरखरते आणि मग मरते. काचेला पाण्याचं काय? तुझ्या आठवणीत लँडलाइन नेहमी वाजतच असते, मामा."

मामा काही बोलला नाही. पावसाळ्यात ओल्या चेंबरमध्ये बसून आठशे जोड्या रंग बघून एकेक करून पिळण्यात ज्याच्या रात्री गेल्या, त्याला हे नव्याने सांगायची गरज नव्हती.

तरीही विजेचा प्रश्न भाचीच्या कंपनीलाच सोडवायचा आहे. ब्रिटनमध्ये तांब्यावरची टेलिफोन सेवा डिसेंबर २०२५ मध्ये बंद करायचं ठरलं होतं. मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे गेली ती मुख्यतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी. त्यांच्या गळ्यातलं मदतीचं बटण त्याच लाइनवर चालत होतं. लँडलाइनवरच अवलंबून असलेल्या ग्राहकाला वीज गेल्यावर निदान तासभर तातडीचा फोन करता आला पाहिजे, अशी जबाबदारी तिथल्या नियामकाने कंपन्यांवर टाकलेली आहे. आपल्याकडे फायबर बसवणारा मुलगा ड्रिल मारून, वायफायचा पासवर्ड सांगून, रेटिंग मागून निघून जातो. बॅटरीचं नाव काढत नाही.

"काढतो, पण लोक पैसे द्यायला तयार नसतात," भाची म्हणाली. तिची ही सबब लंगडी आहे. जी वस्तू आजीचा जीव वाचवू शकते, ती पर्याय म्हणून विकायची नसते.

मग लँडलाइनला भवितव्य आहे की नाही? आकडे दोघांनाही कोड्यात टाकणारे आहेत. देशातल्या वायरलाइन जोडण्या अनेक वर्षं घसरत होत्या, त्या अलीकडे पुन्हा वाढल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये रिलायन्स जिओने बीएसएनएलला मागे टाकलं आणि ती देशातली सर्वांत मोठी लँडलाइन कंपनी ठरली. तेव्हा जिओच्या जोडण्या साधारण साडेत्र्याहत्तर लाख होत्या. यांतले बहुतेक फोन इंटरनेटच्या पॅकेजबरोबर फुकट आलेले. कित्येक घरांत त्यांना यंत्रही जोडलेलं नसतं. कागदावर लँडलाइन वाढते आहे, घरात तिची घंटा वाजत नाही.

जुन्या नंबरची गोष्ट वेगळी. मुलुंडचा नंबर २५६ ने सुरू व्हायचा, घाटकोपरचा २५१ ने, बोरिवलीचा २८९ ने. नंबर ऐकून माणूस कुठल्या स्टेशनवर उतरतो ते कळायचं. घाटकोपरच्या जुन्या दुकानांच्या पिशव्यांवर, दवाखान्यांच्या पाट्यांवर तो अजून छापलेला आहे. बँकेत, गॅस एजन्सीत, विम्याच्या कागदावर तोच आहे. आणि इथे ग्राहकाची खरी अडवणूक आहे: मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी बरोबर नेता येतो, लँडलाइनचा नेता येत नाही. त्याच कंपनीच्या फायबरवर गेलात तर नंबर टिकण्याची शक्यता असते, दुसरीकडे गेलात तर तो सोडायचा. तीस वर्षं एकच नंबर जपलेल्या माणसाला आपण चालू नसलेल्या तारेला का चिकटून बसतो, हे सांगता येत नाही. त्याचं कारण बहुधा हा नंबरच असतो. मामाचंही हेच होतं. तांब्याविषयी तो इतका वेळ बोलला, पण शेवटी म्हणाला, "मला तांबं नको गं. नंबर हवा."

तांबं नको, यावर मात्र दोघांत वाद राहिला नाही. सभेत मांडायचा ठराव भाचीने तिथेच लिहून काढला: टॉवरमध्ये फायबरसाठी मोकळी नळी ठेवावी, ती एकाच कंपनीला आंदण देऊ नये, आणि बिल्डरने जिन्यातल्या जोडपेटीला जनरेटरची वीज द्यावी.

तांब्याच्या लँडलाइनला मुंबईच्या उपनगरांत भवितव्य नाही. दहिसरपासून अंधेरीपर्यंतची मेट्रो झाली, लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर-मुलुंडची मेट्रो उभी राहते आहे, रस्ते एकामागून एक काँक्रीटचे होत आहेत. पन्नास जोड्यांसाठी नवा काँक्रीट रस्ता फोडायची परवानगी कुणी मागणार नाही आणि कुणी देणारही नाही. उरलेलं तांबं सरकारी कंपनीने एक्स्चेंजवार तारीख लावून, मोजून, स्वतः बाहेर काढावं. लँडलाइन नंबर बरोबर नेण्याची मुभा दूरसंचार विभागाने द्यावी. हे दोन्ही होईपर्यंत वाचकांना दोन गोष्टी करता येतील. घरात म्हातारं माणूस असेल तर फायबरच्या डब्याला छोटी बॅटरी आजच लावून घ्या. आणि रात्री-अपरात्री घरासमोर कुणी खणताना दिसलं तर कामाचा फलक आहे का बघा, कारण खोदणाऱ्या यंत्रणेने तो लावायचा असतो. फलक नसेल तर त्यांच्याशी हुज्जत घालू नका. खिडकीतूनच ११२ लावा.